काचेवरची वाफ

मेलेले रस्त्यावर फिरायला लागले, तसं आम्ही काहीजणांनी औषधाच्या दुकानात कोंडून घेतलं. नियम एकच. बाहेरून येणाऱ्याने दाराच्या काचेवर श्वास सोडायचा. काच धुरकटली, तर माणूस जिवंत. त्यालाच आत घ्यायचं.

भरदुपारी माझी सख्खी वहिनी आली. तिने श्वास सोडला. काच पांढरी झाली.

"वाफ कुठाय?" दुकानदार म्हणाला. पाणी संपत आलं होतं. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मीसुद्धा.

"भाऊजी, दिसत नाही का हो?"

आम्ही काचेला तोंडं भिडवून ओरडलो, "चल, नीघ इथून!"

तिने बाहीने आपली वाफ पुसली, आत निरखून पाहिलं आणि किंचाळत पळत सुटली.

आमची तोंडं अजून काचेलाच टेकलेली होती. आतून काच लख्ख होती.