सिंहाची शेपटी

"पडलो, पडलो!" असं ओरडत बून टेक स्पंजच्या गादीवरून डावीकडे कलंडला.

फिजिओथेरपिस्ट रोकियाने त्याला दंडाला धरून सावरलं. डोळे मिटून उभं राहा, एवढंच तिने सांगितलं होतं. मघाशी तो उजवीकडे कलंडला होता. कानातला तोल बिघडलेली माणसं अशा बाजू बदलत नाहीत.

"शेपटीला चक्कर! काय ऐकावं लागतंय!" भिंतीला पाठ लावून बसलेला थोरला भाऊ कियत बेंग म्हणाला. पिशवीतली कॉफी तो नळीने ओढत होता. "ताई, ह्याला काही झालेलं नाही. कानापर्यंत चरबी साचलीय, दुसरं काय?"

मलेशियातल्या मुआर गावच्या सिंहनाचाच्या आखाड्यात ही जोडी नावाजलेली होती. दोघांनी मिळून पांघरलेला कापडी सिंह उंच लोखंडी खांबांवरून उड्या मारतो, तेव्हा डोकं कियत बेंगचं असतं. शेपटी बून टेकची. तो कापडाखाली वाकून भावाची कंबर धरतो आणि त्याला पुढच्या खांबावर फेकतो. रविवारी स्पर्धा होती. बून टेकने चक्कर येते म्हटल्यावर सिफूंनी, म्हणजे त्यांच्या गुरूंनी, बजावलं होतं: फिजिओथेरपीवालीचं पत्र आणा, मगच खांबाला हात लावा.

"आणि ताई, दवाखाना चक्करवाल्यांचा, अन् जिना असा उभा?" कियत बेंग म्हणाला. "पेशंट वाढवायचा धंदा दिसतो."

रोकिया हसली नाही. गादी उचलायला बून टेक वळला, तशी त्याच्या खिशातली मोटारसायकलची किल्ली कियत बेंगपाशी पडली.

"उचल," कियत बेंग म्हणाला.

"तुझ्याच पायाशी आहे की, दादा."

"मी उचलू? सिंहाचं डोकं वाकत नसतं. वाकायचं काम शेपटीचं."

बून टेकने वाकून किल्ली उचलली. अगदी सहज.

"मोटारसायकल तू चालवत आलास?" रोकियाने विचारलं. "चक्कर येत असताना?"

"दादा हल्ली मागेच बसतो."

"राजासारखा," कियत बेंगने पुस्ती जोडली.

रोकियाने बून टेकला पडद्याआड पलंगावर बसवलं. त्याचं डोकं उजवीकडे वळवून झटक्यात मागे टेकवलं आणि त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली. कानातले तोल सांभाळणारे कण सुटले असते तर बुबुळं थरथरायला हवी होती. ती जागची हलली नाहीत.

"कधी येते म्हणालास चक्कर?"

"पहाटे उजव्या कुशीवर वळलं की छत फिरतं. बुटाची नाडी बांधायला वाकलं की जमीन वर येते. मान वळवायची धास्ती बसते. नुसतं हाक मारणाऱ्याकडे बघायचं तरी अख्खं अंग वळवावं लागतं."

एकही लक्षण चुकलं नव्हतं. रोकियाला ते ऐकून आणखीच अस्वस्थ वाटलं. नाचताना हा सगळा वेळ वाकलेलाच असतो. इथे आल्यापासून त्याची मान मात्र भिंगरीसारखी फिरत होती.

"खोटं बोलतोयस," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला काही झालेलं नाही."

तो उठून बसला. हातातली किल्ली फिरवत राहिला.

"भीती वाटते का?"

"हो."

"पडायची?"

"पडायचीच, ताई. दुसरी कसली?"

"मग सिफूंना सरळ सांग. ते दुसरी शेपटी बघतील."

"आमच्यात जोडी फोडत नाहीत. एक उतरला की दुसराही उतरतो." त्याने पडद्याकडे पाहिलं. "चढू नये, एवढंच लिहा. माझ्या नावावर लिहा. लोक भित्रा म्हणतील. म्हणू देत."

रोकियाने आजवर खोटं पत्र दिलं नव्हतं. पण भेदरलेल्या माणसाच्या हातावर दुसऱ्याचा जीव कसा सोपवायचा? हा खांबावर कचरला तर थोरला डोक्यावर आपटणार. तिने दोनदा पेन उचललं, दोनदा ठेवलं. शेवटी लिहिलं: उंचावर नाचू देऊ नये.

ती पडद्याबाहेर आली. "कियत बेंग."

तो खांद्यांसकट तिच्याकडे वळला. पत्र वाचलं आणि त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे रविवार गेला?"

"गेला."

"माझाही!" तो भावावर ओरडला. "वर्षभर घाम गाळला तो ह्यासाठी? लहानपणीही झाडावर चढायला घाबरायचास. तू गेल्या जन्मी कोंबडी होतास!"

"असेन, दादा. चल."

दोघे बाहेर पडले. रोकिया खुर्चीत बसली, पण तिला चैन पडेना. तेवढ्यात टेबलावर राहिलेलं हेल्मेट दिसलं. ते घेऊन ती जिन्याच्या तोंडाशी धावली. हाक मारायला तोंड उघडलं आणि तिथेच थांबली.

कियत बेंग दोन्ही हातांनी कठडा आवळून, मान ताठ धरून, पायाने पायरी चाचपत उतरत होता. "सरक, भित्र्या," तो पुटपुटत होता. आणि भित्रा त्याच्याकडे तोंड करून, मागे न बघता, उलट्या पावलांनी तो उभा जिना भराभर उतरत होता. दोन्ही तळवे भावाच्या छातीपुढे, झेलायला तयार.