दोरीवरचा निळा शर्ट

कंडक्टरकाका आणि काकू फाटकाशी आले, तेव्हा चष्मेवाली निळा शर्ट वाळत घालत होती. चष्म्याच्या दुकानात कामाला, म्हणून गल्लीत तिचं नाव चष्मेवाली. काका गल्लीच्या पहाऱ्याचे पुढारी. बसची नोकरी सुटून वर्षं झाली, पण कोण कुठं उतरतं याची चौकशी सुटली नव्हती.

तिच्या सुट्टीच्या दिवशी, भरदुपारी, कुणीतरी दाराची कडी हलवून गेलं होतं. ती आत श्वास रोखून उभी होती. पहाऱ्याला तिनंच कळवलं होतं.

काकांनी रीत समजावली. दुपारी ज्याची पाळी, तो फेरी मारतो. भरल्या घरावरून नुसता पुढं जातो. बाई एकटी राहत असेल त्या फाटकावर काठी वाजवतो आणि आतून ओ आल्यावरच हलतो. काठी कुणाच्या फाटकावर वाजली ते अख्ख्या गल्लीला कळतं, हे त्यांनी सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतं.

“मग, घरात कोण कोण?”

“दोघं,” ती म्हणाली. “हे उशिरा येतात.”

गडीमाणूस आहे म्हटल्यावर काठीची गरज नाही, असं म्हणून काका पुढच्या फाटकाकडे वळले. काठी वाजवाच, हे ओठांवर आलेलं तिनं गिळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण झाकल्या मुठीनं कडी धरता येत नाही.

काकू मात्र दोरीकडे बघत थांबल्या.

“निळाच आवडतो वाटतं त्यांना.”

“हो.”

“नाही, दुसरा कधी दिसला नाही, म्हणून आपलं.”

चष्मेवालीनं लावलेला चिमटा काढला, पुन्हा तिथंच लावला. नवरा कधी गेला, का गेला, काकूंनी काही विचारलं नाही. आपल्याला दिसतं ते चोरालाही दिसतं गं, एवढंच म्हणाल्या आणि काकांच्या मागं गेल्या.

ऊन कलल्यावर काकू पिशवी घेऊन परत आल्या. आत काकांचे शर्ट होते, चौकड्यांचे, रेघांचे, एकेक तंबूएवढा. घरी त्यांनी मशीन बिघडल्याचं सांगितलं होतं.

“धुतलेले नाहीत हं. तुझ्याच दोरीवर वाळू देत. हे झाले की दुसरे आणते.”

“पण काकू, केवढे मोठे आहेत.”

“कुणी विचारलं तर सांग, घरचं जेवण अंगी लागलंय.”

काकू गेल्या. तिनं बादलीत पाणी सोडलं. निळा शर्ट ती रोज नुसता पाण्यातून काढायची. त्यात धुण्यासारखं काही नसायचं. या शर्टाच्या कॉलरवर घामाची काळी रेघ होती. ती ब्रश घेऊन खाली बसली आणि कितीतरी वेळ तेवढीच रेघ घासत राहिली.