वरच्या गॅलरीतला चेंडू

गॅरेजवाले तात्या लेकीची मॅच पाहायला पहिल्यांदाच स्टेडियममध्ये गेले आणि तिनेच टोलवलेला चेंडू थेट वरच्या गॅलरीत येऊन त्यांच्या खांद्यावर आदळला. हाड मोडलं, हात गळ्यात आला, गॅरेजला टाळं लागलं.

"बाबा, चूक माझीच आहे," लेक रडवेली होऊन म्हणाली.

"तुझी कशी? तिथे जाळी लावायची जबाबदारी त्यांची!" तात्यांनी तडक स्टेडियमवर दावा ठोकला.

स्टेडियमच्या वकिलाने कोर्टात एकच मुद्दा लावून धरला. "या मैदानावर आजवर भलेभले खेळून गेले, पण एकाचाही चेंडू त्या गॅलरीपर्यंत पोचला नव्हता. जे कधी घडलंच नाही, ते घडेल हे आम्हाला कसं कळणार?"

न्यायाधीशांनी निकालात हे म्हणणं शब्दन् शब्द मान्य केलं आणि दावा फेटाळला. तात्यांचे वकील पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "खचू नका तात्या, आपण अपील करू. हा निकाल मी फिरवून दाखवतो."

 

"खबरदार, त्यातला एक शब्द जरी बदलाल तर!" तात्या कडाडले. "मला फक्त त्याची एक स्वच्छ प्रत काढून द्या, फ्रेम करून भिंतीवर लावायचीय."