फोडणीचं सामान

तडतड! शांत स्वयंपाकघरात मोहरी उडाली आणि लेक दचकून मला बिलगली. आवाजच विसरली होती बिचारी. ह्यांची नोकरी गेल्यापासून अन्नपेढीतून मिळालेली डाळ आम्ही नुसतं मीठ घालून खात होतो. तिथे डाळ-तांदूळ सगळेच दान देतात, फोडणीचं कुणाला सुचत नाही.

काल ह्यांचा नव्या नोकरीतला पहिला पगार झाला. जेवणं उरकून लेकीला घेऊन अन्नपेढीत गेले, तर तिथल्या मावशी सवयीने माझ्यासाठी डाळ मोजायला लागल्या.

"मावशी, आज घ्यायला नाही, द्यायला आलेय. तेल, मोहरी, हिंग."

"अगं बाई! मग पेढे कुठायत?"

किती दिवसांनी मी मोकळं हसले.

रांगेतल्या एका बाईंनी हिंगाची डबी हळूच नाकाशी धरली. त्यांच्या कडेवरच्या बाळाकडे बघत लेकीने विचारलं, "आई, ह्याच्या बाबांना कधी लागणार नोकरी?"