न खोदता

तळमजल्यावरच्या कुंदा वाघमोडे घरातून डबे देत असत. सोसायटीचं ड्रेनेज तुंबलं, तेव्हा चेअरमन टिळेकरांनी ठरवूनच टाकलं, की पाइप त्यांच्याच ओट्याखाली खरकट्याने तुंबला असणार. दोन दिवस खोदून त्यांच्या स्वयंपाकघराचा चिखल झाला. पाइप मात्र तिथे धडधाकट निघाला.

मग सोसायटीने नेमलेल्या इंजिनिअरबाईंनी पाइपात कॅमेरा सोडला. सगळ्यांसमोर पडद्यावर दिसलं, की टिळेकरांच्या बागेतल्या रबराच्या झाडाची मुळं पाइप फोडून आत शिरली होती.

"माझी बाग खोदायची नाही हं," टिळेकर घाईने म्हणाले. "न खोदता काही होत नाही का?"

"होतं की. मुळं कापून आतून नवं अस्तर घालायचं. आधी कॅमेरा सोडा, हेही मी पहिल्याच दिवशी तुम्हाला लिहून दिलं होतं."

"माझ्या घराला पहार, आणि तुमच्या बागेला अस्तर?" कुंदाताईंचा आवाज चिरकला. त्यांनी आपलं दार सताड उघडलं. "आत या. पुढचं इथे बोलू."

टिळेकर सवयीने उंबऱ्याशी चपला काढू लागले.

"राहू द्या!" त्या कडाडल्या. "पाय ठेवायला फरशी कुठे शिल्लक ठेवलीत?"