सोळावी मात्रा

“मास्तर, मला कविता शिकवा,” फौजदार म्हणाला आणि मुलांच्या बाकावर टेकला.

शेवगावची शाळा नुकतीच सुटली होती. दाराबाहेर दोन शिपाई उभे. बेचाळीसचा सप्टेंबर; आठवड्यात दोनदा तारायंत्राच्या तारा तुटल्या होत्या. नृसिंह मास्तर मनातून हबकलेच. पण तीस वर्षांच्या नोकरीत कुणी मोठा माणूस आपण होऊन हे मागायला आला नव्हता. त्यांनी खडू उचलला.

“ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची मात्रा एक. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. ‘कमळ’ तीन मात्रांचं, ‘आई’ चारांची. या वृत्तात ओळीला सोळा मात्रा, आठ-आठांचे दोन घास. ओळींच्या शेवटी सारखा आवाज आला की झालं यमक. बोटांवर मोजत जा, चुकायचं नाही.”

फौजदार हुशार निघाला. फळ्यावरच्या तीन ओळी त्यानं बिनचूक मोजल्या. मास्तर सवयीनं “शाब्बास” म्हणून गेले. तेव्हा त्यानं खिशातून एक कागद काढला. चावडीच्या भिंतीवरून सोलून आणलेला. मागं खळ वाळलेली.

धान्य आपुले गोऱ्यापाशी
कणगी ओस नि चूल उपाशी
उठा गड्यांनो तोडा तारा
गावावरी अपुला वारा

अक्षरं डाव्या हातानं काढलेली, कुणाची ते कळू नये अशी. पण चौथ्या ओळीवर मास्तर अडखळले. ‘गावावरी’च्या सातच मात्रा. ‘गावावरती’ हवं होतं. ही खोड ते एकाच वहीत वर्षभर लाल शाईनं दुरुस्त करत आले होते.

वही चांगुणाची. नवऱ्यानं टाकलेली, बावीस वर्षांची शेतकऱ्याची लेक. मास्तरीण व्हायचं म्हणून फायनल परीक्षेच्या वर्गात बारा पुरुषांत ती एकटी बसायची. “तितं दम घ्याया जागा लागती, गुर्जी,” असं म्हणायची आणि पुन्हा तस्संच लिहायची.

फौजदाराची बोटं चालली होती.

“पंधरा,” तो म्हणाला. त्यानं पुन्हा मोजलं. “पंधराच. अक्षर बदलता येतं मास्तर, खोड नाही बदलत. तुमच्या फायनलवाल्यांच्या वह्या त्या कपाटात असतात ना?”

तो उठला.

“वह्या कशाला?” मास्तर म्हणाले. “कविता माझी आहे.”

“तुमची? आणि तुम्ही चुकाल?”

“मुद्दाम चुकलो. माझ्यावर कुणाचा संशय जाऊ नये म्हणून.”

फौजदार त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. मग कपाटाकडं. मास्तरांनी दोन्ही हात पुढं केले, तेव्हा कुठं त्यानं शिपायाला हाक मारली.

पेठेतून नेताना लोक दुकानांच्या फळ्यांवर चढून बघत होते. ज्यांना बाराखडी शिकवली तीच ही तोंडं. चावडी दहा पावलांवर आली आणि गर्दीतून चांगुणा आडवी आली.

“सायेब, गुर्जींनी काय केल्यालं न्हाई. ती कविता माजी हाय.”

फौजदारानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पायाला माती, हाताला खुरप्याचे घट्टे.

“मास्तर, ही तुमच्या वर्गातली? हिला जमतं हे?”

चांगुणानं मास्तरांकडं पाहिलं. तिची मान ताठ होती. गेल्या होळीला तिची एक कविता मास्तरांनी सगळ्या वर्गापुढं वाचली होती आणि ‘अशी ओळ मला सुचायची नाही’ असं म्हणाले होते. आत्ताही ते खरंच बोलतील, एवढाच भरवसा तिच्या डोळ्यांत होता.

“हिला?” मास्तर हसले. हसू येत नव्हतं, तरी हसले. “हिला अजून लघु-गुरू कळत नाहीत, साहेब. कीव येते म्हणून बसू देतो. कविता हिच्या डोक्यात या जन्मी शिरायची नाही.”

दुकानांच्या फळ्यांवरून कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले.

“ऐकलंस?” फौजदार म्हणाला. “कवितेत मात्रा मोजाव्या लागतात, बाई. सर बाजूला.”

चांगुणा हलली नाही. तिनं पुन्हा एकदा मास्तरांकडं पाहिलं. मास्तर चावडीच्या पायऱ्यांकडं बघत होते.

बारा पुरुषांच्या वर्गात वर्षभर बसूनही तिनं तोंडावर कधी पदर घेतला नव्हता. आता तो हनुवटीपर्यंत ओढला आणि त्यांना वाट करून दिली.