प्रवेशाची चौकशी

“मॅडम, इथल्या संडासात आंघोळीचं पाणी येतं म्हणे. खरंय का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती आणि पैजेतून मागे हटणारी ती नव्हती. शाळेची अख्खी रांग खुसखुसली. विद्यापीठाची नवी इमारत दाखवणाऱ्या प्राध्यापिका मात्र शांत होत्या.

“खरंय. वसतिगृहातलं पाणी गाळून, साफ करून फ्लशला देतो. एसीही नाही इथे. तरी गार वाटतंय ना?”

वाटत होतं. खाली वाऱ्याच्या बाजूला खिडक्या, वर तापलेली हवा निघून जायला झरोके. तिने मान वर करून पाहिलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“आमच्या घरीही थोडं असंच आहे. गच्चीवर फुटक्या पांढऱ्या फरश्यांचे तुकडे बसवलेत. पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवलाय. धुण्याचं पाणी पिंपातल्या वाळूतून गाळून झाडांना जातं. अख्ख्या गल्लीत आमचंच घर गार.”

प्राध्यापिका थबकल्या. “हे सुचलं कसं?”

“उकाड्याने.”

आता त्या हसल्या. “असं डोकं आमच्या वर्गात हवं. अशा इमारतींचाच अभ्यासक्रम आहे इथे.”

एवढंच ऐकायला तर ती आली होती. “प्रवेश मिळेल, मॅडम? बारावीचे मार्क बेताचे असले तरी?”

“परीक्षा घेतो. शिवाय हाताने केलेलं काम बघतो.”

“आणि मध्ये वर्षं वाया गेली असली तर?”

“नापास व्हायचा बेत दिसतोय हिचा,” मागून एक मैत्रीण पुटपुटली.

“गेली तर गेली. वयाची अट नाही.”

तिचे डोळे भरून आले. एरवी कुणाला बोलू न देणाऱ्या त्या पोरीला ‘थँक्यू’पलीकडे काही सुचेना, म्हणून तेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

संध्याकाळी माहितीपत्रक तिने आईबाबांपुढे ठेवलं.

“आधी दहावी तर हो,” बाबा म्हणाले, “मग विद्यापीठ डोक्यावर घे.”

आईने हात पुसून पत्रक उचललं. झरोक्यांच्या चित्रावरून तिचं बोट सावकाश फिरलं. “छान आहे गं. पण अजून अवकाश आहे.”

“अवकाश कसला? अर्ज याच महिन्यात घेतात.” तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “आई, बाबा, माझं ठरलंय. यापुढे सकाळचे डबे मी करणार. घर गार करणाऱ्या आईने कॉलेजला जायचं.”